ताणावरची बाग

वरूड
१४ मे २०२४

रूपा,

अखाजी झाली. अखाजीले माहेरी येत नाही अशी लेक मी आजवर पाहिली नाही. बाबाच्या नावानं घागर भरली, रस केला, कुरडया तळल्या, अन् फाट्यावर जाऊन येईल ती एसटी पाहिली. शेवटी एक कंडक्टरच विचारते, "कोणाले पाहून राहिली वो बाई?" काय सांगू त्याले?

संध्याकाळी चंदन जवायाले फोन लावला तं तो रडायलेच लागला. एवढा बाप्या माणूस, अमरावतीच्या मंडईत संत्र्याच्या पेट्या उचलते, अन् फोनवर रडते. म्हणे, रूपाली शाळेच्या सुट्टीत चार दिवसाच्या शिबिराले म्हणून बाळापूरकडे गेली, बहारधाम का काय थे, अन् आता येतच नाही म्हणते. नोकरी सोडली. फोन जमा करून घेतला. बोलाचं असन तं पत्र लिहा म्हणे. मंग काय करतो? लिहून राहिली. दहावीनंतर पहिल्यांदा एवढं लिहून राहिली, हसू नको.

माय गेली, बाबा गेले. आता तुहं माहेर म्हणजे मीच. नवरा मेल्यावर मी इथं परत आली म्हणून या घराचं दार उघडं हाय. तू येणार नसशीन तं मी कुरडया घालू कोणासाठी? मले काही समजावून सांगू नको. कधी येशीन, एवढंच लिही.

तुही
शालूताई

---

बहारधाम, बाळापूर
९ जून २०२४

ती. शालूताई,

सप्रेम बहार. इथे नमस्काराच्या जागी असंच म्हणतात.

तुझं पत्र मिळालं. इथे आलेलं पत्र आधी इथली व्यवस्था पाहणारे श्रावणदादा वाचतात, मग ते सभेत सगळ्यांसमोर वाचलं जातं आणि मग आपल्या हातात येतं. कंडक्टरच्या गोष्टीवर सगळे हसले, प्रेमानं हसले. लपवायला काही उरत नाही गं, मन हलकं होतं.

तू "काहून" विचारशीलच, म्हणून सांगते. माझं बाळ गेलं तेव्हा सगळे आले होते. सासूबाई म्हणाल्या, वय आहे, दुसरं होईल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होतं असं कधीकधी. चंदन दुसऱ्या दिवशी मंडईत गेला. तू आलीस, माझे पाय चेपलेस, सगळ्यांच्या भाकरी थापल्यास, पाळणा उचलून माळ्यावर टाकलास, आणि त्याबद्दल एक शब्द बोलली नाहीस. शिबिराच्या पहिल्या दिवशी आबाजींनी, इथल्या गुरूंनी, मला एवढंच विचारलं, "मुलीचं नाव काय ठेवणार होतीस?" ताई, ते मला कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, इशिता. आणि मग जी रडायला लागले ती थांबेचना. ती सगळी अनोळखी माणसं माझ्यासोबत बसून राहिली. एकही उठून गेलं नाही.

मग आबाजी म्हणाले, "तू वरूडची, संत्र्याच्या घरची. तुला ताण सांगायला नको. हिवाळ्यात बागेचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, पाहणाऱ्याला वाटतं झाड गेलं. आणि पाणी सोडलं की तेच झाड फुलांनी पांढरं होतं. देवानं तुझं पाणी तोडलं आहे. तुझा बहार यायचा आहे." इथले बहुतेक लोक वरूड, अचलपूरकडचे बागवालेच आहेत. ही गोष्ट सगळ्यांनी स्वतःच्या हातानं केलेली आहे, म्हणून ती लगेच पटते.

इथे प्रत्येकाला आपापला ताण मिळतो. कुणाला मौन, कुणाला उपास. माझा ताण म्हणजे माहेर. म्हणून अखाजीला आले नाही. रागावू नकोस. एकदा येऊन पाहा तरी.

तुझी
रूपा

---

वरूड
२ जुलै २०२४

रूपा,

सभेत वाचतात ना? मंग वाचा म्हणा, जोरात वाचा. श्रावणदादा, नमस्कार. मी शालू, हिची मोठी बहीण.

तुमच्या आबाजीले सांगा, वरूडच्या बाईले ताण शिकवू नका. ताण देणं कोणालेही जमते. ठिबकचा कॉक बंद केला की झालं, त्याले काय अक्कल लागते? ताण तोडणं हे काम हाय. रोज सकाळी बागेत फिरा लागते, पान हातात घेऊन पाहा लागते, अन् ज्या दिवशी झाड म्हणते बस, त्या दिवशी पाणी. तिथं चुकलं तं बहार गेला खड्ड्यात, हाती येते नुसती सल, वाळल्या काड्या. आता मले हे सांगा, तुमच्या इथं ताण तोडायचा दिवस कोण ठरवते? ज्याले तहान लागली थो, का आबाजी?

अन् मले हेही समजलं, हा आबाजी पहिले ठिबकच्या नळ्या विके. काकाच्या सहदेवनं बागेत लावल्या होत्या. पहिल्याच उन्हाळ्यात फुटल्या. सहदेव अजून त्याले शोधून राहिला.

रूपा, मी येऊन राहिली. सहदेवले बाग पाहाले सांगतो अन् निघतो. वरूडहून अमरावती, अमरावतीहून अकोला, अकोल्याहून बाळापूर, साऱ्या एसट्या बदलतो, पण तुले घेतल्याशिवाय परत येत नाही. बॅग भरून ठेव. रडशीन, ओरडशीन, मी ऐकणार नाही. लहानपणी तुले विहिरीच्या काठावरून वेणी धरून ओढून आणलं होतं, तशीच आणतो.

नावाचं तू लिहिलं थे वाचलं. त्याचं इथं लिहीत नाही. सभेत वाचासाठी नाही थे.

शालूताई

---

बहारधाम, बाळापूर
६ ऑक्टोबर २०२४

रूपा,

मी आली तं तुले अकोल्याच्या केंद्रावर धाडून दिलं होतं. म्हणून हे पत्र तिथं पाठवून राहिली.

काय सांगू बापा. मी कंबर बांधून भांडाले आली, अन् भांडाले कोणी भेटेच ना. म्हटलं, माही बहीण दाखवा. तं म्हणाले, येईल, तवर जेवून घ्या. पार्बताबाई म्हणून एक म्हातारी हाय, अचलपूरकडची. तिनं मले पाटावर बसवलं, ताट वाढलं, अन् समोर बसून राहिली. म्हटलं, तुमी जेवा ना. म्हणे, "तू जेव माय. तुले कोणी बसून वाढलं नसन लय दिवसात." रूपा, मी हातातला घास परत ताटात ठेवला. नवरा गेल्यापासून मी ओट्यापाशी उभ्यानंच जेवली. हे मले स्वतःलेच माहीत नव्हतं, तिनं म्हटल्यावर समजलं.

मंग बाग दाखवली. संत्र्याची, नवीच धरलेली, पण बागवाले इतके असून जातीनं पाहणारं कोणी नाही. काही झाडाले डिंक्या लागला होता, खोडातून डिंक गळे. मी पदर खोचला, खोडं खरवडून बोर्डोचं मलम लावलं, झाडाभोवतीची आळी नीट करून घेतली. आबाजी पाहत होते. सभेत सगळ्यासमोर म्हणाले, "ही बाग आजपासून शालूताईंची. त्या सांगतील तसं." आता तूच पाहा. घरच्या बागेत राबतो मी, अन् व्यापारी आला की विचारते सहदेवले. काका म्हणते, बाईमाणसाले काय समजते. इथं एवढी मोठी माणसं मले विचारून पाणी सोडतात.

तुले न्यायलेच आली हाय, थे विसरली नाही. पण आता बाग अर्ध्यावर सोडता येत नाही. आंब्या बहाराचा हिवाळ्यातला ताण बसू दे, तवर तू पण इकडं येशीन, मंग संगच जाऊ. आबाजी म्हणून राहिले, मी सहदेवच्या फोनवर लय बोलतो. म्हणून माहाही फोन जमा करून टाकला. चार दिवसाची तं गोष्ट हाय.

जेवत जा.

शालूताई

---

अमरावती
१६ फेब्रुवारी २०२५

शालूताई,

दीड महिना झाला, मी अमरावतीला आहे, आपल्या घरी, चंदनजवळ. श्रावणदादा, हे पत्र सभेत वाचणार असाल तर पूर्ण वाचा.

अकोल्याच्या केंद्रातून मी चोरून चंदनला फोन केला, एवढीच माझी चूक. त्यासाठी मला धामात परत आणलं आणि कोरडा ताण दिला. अन्न नाही, पाणी नाही. माझ्यावर देखरेखीला आबाजींनी तुला नेमलं. म्हणाले, हिला बाग कळते, हिची चूक होणार नाही. मला तर आनंदच झाला होता, ताई. म्हटलं, माझीच बहीण दाराशी आहे, आता कसली भीती?

दुसऱ्या दिवशी माझी जीभ टाळूला चिकटायला लागली. मी म्हटलं, ताई, पाणी दे. तू दारात उभी होतीस. तुझ्या हातात तांब्या होता, भरलेला, वरून दोन थेंब खाली सांडले तेही मी पाहिले. तू म्हणालीस, "अजून थोडं, रूपा. फुलायलाच आलीस." आणि दार ओढून घेतलंस.

पुढचं मला आठवत नाही. पार्बताबाईंनी आरडाओरडा केला म्हणून मला टेम्पोत घालून अकोल्याला दवाखान्यात टाकलं, असं कळलं. डॉक्टर चंदनला म्हणाले, अजून उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

चंदन पोलिसात जायचं म्हणतो. मी त्याला अडवून धरलं आहे. दाराशी कोण होतं असं ते विचारतील, आणि मला तुझं नाव घ्यावं लागेल. आबाजी तर त्या खोलीकडे फिरकलेही नव्हते. म्हणजे बाहेर येऊनही मी अडकलेलीच. मला न्यायला गेलेली तू तिथे, आणि मी इथे तोंड मिटून.

तू काहीतरी लिही. शिव्या दे हवं तर.

रूपा

---

बहारधाम, बाळापूर
१० मार्च २०२५

प्रिय साधिका रूपाली,

सप्रेम बहार.

आपले पत्र मिळाले. ते सभेत वाचले गेले नाही. श्रावणदादांनी ते तसेच माझ्या हाती दिले. का, ते त्यांनी सांगितले नाही.

आपण बहरण्याच्या अगदी आधी उठून गेलात याचे येथे सर्वांना दुःख आहे. ताण देणाऱ्याला ताण घेणाऱ्यापेक्षा अधिक सोसावे लागते, असे आबाजी सांगतात. मी सोसले. माझ्या हातात तांब्या होता हे खरे आहे. तो खाली ठेवण्याची शक्ती मला मिळाली, हीच माझी साधना. आबाजींनी सभेत माझा गौरव केला.

आपण गेल्यामुळे बागेचाही ताण लांबला आहे. जानेवारीत पाणी सोडण्याची वेळ झाली होती. मी तसे आबाजींना कळवले. त्यांनी सांगितले, गेलेले परत येईपर्यंत बाग तहानलेली राहील, मग असा बहार येईल की जिल्हा पाहायला येईल. आता बाग आपली वाट पाहत आहे. झाडांचे जे होईल त्याची जबाबदारी आपल्यावर आहे, माझ्यावर नाही.

पाने मुरडली आहेत. खालची गळाली. हे अपेक्षित आहे. यंदा ऊन लवकर तापले. शेंडे वाळत आहेत. हेही अपेक्षित आहे.

आपली
साधिका शालू

---

अमरावती
१२ एप्रिल २०२५

ताई,

पाकिटावर अक्षर तुझं आणि आत बाई दुसरीच. तू मला जन्मात कधी "आपण" म्हटलं नाहीस. लाडात असलीस तर रूपा, रागात असलीस तर पोट्टे. पत्र वाचून मी इतकी रडले की चंदन म्हणाला, सहदेवला घेऊन जातो आणि शालूताईला उचलूनच आणतो. मी नको म्हटलं. उचलून आणलेलं माणूस परत जातं. दवाखान्यात सलाईन चालू असताना मी स्वतः पलंगाखाली चपला शोधत होते, धामात परत जायला. हे मी चंदनलाही सांगितलेलं नाही.

आबाजींबद्दल मी काही लिहिणार नाही. आपल्या घरच्या बागेचं सांगते. संक्रांत झाली तरी सहदेवला ताण तोडायचा दिवस ठरवता येईना. पान हातात घेऊन उभा राही आणि मला फोन करी, "शालू यात नेमकं काय पाहते वो?" मी म्हटलं, मला काय माहीत, मी शाळेत शिकवणारी. शेवटी देवाचं नाव घेऊन कॉक उघडला त्यानं. फुलली रे बाबा. मी फेब्रुवारीच्या शेवटी गेले तर गावाबाहेरच एसटीत वास आला. लोकांनी खिडक्या उघडल्या. आता फळ बोराएवढं झालं आहे. सहदेव प्रत्येकाला सांगतो, हे शालूचंच काम, मी नुसता कॉक फिरवला.

तुमची बाग कशी आहे? तेवढंच लिही. देवाधर्माचं काही नको. आणि एक कर. लहानपणी तूच मला शिकवलं होतंस, झाड गेलं असं वाटलं की नखानं साल खरवडून पाहायची. खाली हिरवं असलं तर झाड जिवंत आहे. तेवढं पाहा आणि मला कळव.

तुझी
रूपा

---

बहारधाम, बाळापूर
२० मे २०२५

रूपा,

हे पत्र कोणी वाचलं नाही. श्रावणदादा धाम सोडून गेला.

तुहं पत्र लय दिवस उशीखाली होतं. बागेत रोज जाये, पण नख लावाची हिंमत होईना. मंग एक दिवस सकाळच्या सभेत आबाजी म्हणाले, बाग आतून हिरवी हाय, मले दिसते, तुमाले दिसत नाही. सभा उठली. अन् पार्बताबाई काठी टेकत सरळ बागेत गेली. पहिल्या झाडापाशी उभी राहिली अन् नख लावलं. खालची साल पाहिली. दुसऱ्या झाडाकडं गेली. तिच्यामागं श्रावणदादा गेला, मंग अजून कोणी, मंग सारेच. सारे बागवालेच तं होते. जो तो आपल्या झाडाची साल खरवडून राहिला. मीही नख लावलं. आतून तपकिरी. काडी मोडली तं कट्ट वाजली.

तुले टेम्पोत घातलं तवा याच माणसायनं म्हटलं होतं, पोरीची श्रद्धा कमी पडली. म्हाताऱ्या पुंजाजीच्या शुगरच्या गोळ्या बंद केल्या, त्याचा पाय कापा लागला, तवा म्हटलं, मागच्या जन्माचं. माणसाचं कसंही समजावून सांगता येते. पण संत्र्याच्या झाडाची श्रद्धा कमी पडली, असं वरूडच्या माणसापाशी कोण म्हणन? आबाजी म्हणाले. त्याच दिवशी म्हणाले. सभेत कोणी वर पाहिलं नाही.

तवापासून लोक जाऊन राहिले. भांडण नाही, पोलीस नाही. कोणाच्या घरी लग्न निघालं, कोणाले पेरणी आठवली. फोन मागून घेतले अन् सप्रेम बहार करून निघाले. पार्बताबाई जाताना मले म्हणे, चाल. मी म्हटलं, तुमी व्हा पुढं. आता आबाजी खोलीबाहेर निघत नाही. ज्याले घर नाही असे दोन-चार म्हातारे उरले, अन् मी.

तू म्हणशीन, मंग ये ना वो. येता येत नाही, रूपा. गेटले कुलूप नाही. मी गेटपर्यंत जातो अन् परत येतो. काहून सांगू? आत आहो तवर थे ताण होतं. तुह्या भल्यासाठी होतं, अन् तूच आधी उठून गेली. गेटच्या बाहेर पाय टाकला की थे ताण नव्हतं. मंग थे काय होतं? माही लहान बहीण पाणी मागून राहिली होती, अन् माह्या हातात भरला तांब्या होता. याचं दुसरं नाव मले सापडत नाही. सापडते, पण घेता येत नाही.

म्हणून इथंच हाय. कोणाले न विचारता कॉक उघडला. वाळल्या झाडाले रोज पाणी देतो. फुटन म्हणून नाही. हात रिकामे राहिले की मले भेव वाटते.

तुह्या पोरीचं नाव मी विचारलं नाही, कारण तू रडली असती. तू रडली असती तं मीही बसली असती, अन् मंग त्या घरात भाकर कोणी थापली असती? एवढंच होतं थे. आबाजीनं विचारलं, मी नाही विचारलं. इशिता. चांगलं नाव हाय, रूपा.

चंदनले सांग, पोलिसात जाय. माहं नाव घे.

येऊ नको.

शालू

---

अमरावती
२९ मे २०२५

ताई,

तुला नाव घेता येत नाही, मी घेते. ताण नव्हता तो. तू माझं पाणी तोडलंस आणि मी मरायला टेकले होते. आता हे मीच सांगून टाकलं, म्हणजे गेटबाहेर ते नाव तुला गाठेल, ही भीती नको.

मला तुझा राग आहे. तो जाईल की नाही, माहीत नाही. डोळे मिटले की तांब्या दिसतो. चंदननं घरातले सगळे तांबे माळ्यावर टाकले, पाळण्याशेजारी. आम्ही बाटलीनं पाणी पितो. पोलिसात आम्ही जाणार आहोत, आणि मी सगळं सांगणार आहे, तुझंही. पण तू माझ्या शेजारी उभी असशील तेव्हा सांगेन. तुझ्या पाठीमागे मला तुझं नाव घेता येत नाही. राग करायलाही माणूस समोर लागतं गं. तू तिथे वाळक्या झाडांना पाणी घालत बसलीस तर मी भांडू कोणाशी?

आठ जूनला, रविवारी, मी येते आहे. चंदन गाडी फाट्यावर उभी करेल. तो आत येणार नाही आणि मीही येणार नाही. गेटसमोर रस्त्याच्या पलीकडे ती बाभळ आहे ना, तिच्याखाली बसेन. ऊन असेल, आणि घरून निघताना मी पाण्याची बाटली घेणार नाही. चंदन ओरडेल, ओरडू दे.

तहान लागली की तुला हाक मारीन. तू तांब्या भरून आण. गेटमधून हात लांब केलास तरी पोचणार नाही, इतकी दूर बसेन मी.

रूपा